खेड्याच्या नावाआधी ‘कसबे’ का?

एका वाचकाने विचारले आहे की, शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावाच्या नावाआधी ‘कसबे’ का लावतात, आणि तेथे पूर्वी कसबी कारागीर राहत म्हणून हे उपपद आले, असे सांगतात ते खरे का.

कारागिरांची व्युत्पत्ती टिकत नाही. ‘कसब’ आणि ‘कसबा’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले असले, तरी त्यांचे धातू निराळे आहेत. पहिल्यातील क आणि स साधे आहेत, तर दुसऱ्यातील क पडजिभेजवळून आणि स जड उच्चारला जातो. मराठीत हा भेद पुसला गेला आणि दोन शब्द सख्खे वाटू लागले.

कसबा म्हणजे परगण्याचे, अर्थात अनेक गावांच्या जुन्या महसुली विभागाचे, मुख्य ठाणे. मौजा म्हणजे शेतीवर जगणारे गाव. त्याचा कारभार पाटील-कुलकर्णी पाहत, तर कसब्याच्या पेठेत शेटे आणि महाजन हे वतनदार असत. हा दर्जाचा भेद आहे, लोकसंख्येचा नव्हे, आणि म्हणूनच निफाड तालुक्यात कसबे सुकेणे व मौजे सुकेणे, मिरज तालुक्यात कसबे डिग्रज व मौजे डिग्रज अशा जोड्या आजही नांदताना दिसतात.

‘कसबे’मधील अंत्य ‘ए’ अनेकांना अनेकवचनी वाटतो, पण तो फारसी इजाफतीचा, म्हणजे दोन नामे जोडणारा स्वर आहे. ‘किल्ले रायगड’ म्हणताना आपण एकाच किल्ल्याविषयी बोलतो, तसेच येथे आहे. दस्तऐवजांत पुणेही ‘कसबे पुणे’ असेच येते आणि कसबा पेठेच्या नावात त्याची खूण राहिली आहे.

ब्रिटिश अमदानीत परगण्यांची जागा तालुक्यांनी घेतली, देशमुख-देशपांड्यांचे अधिकार गेले, आणि मामलेदार कचेरी ज्या गावी बसली तिकडे वर्दळ वळली. कोकणात खाड्या गाळाने भरल्यावर गलबते वरपर्यंत येईनाशी झाली, हेही कसब्यांचे महत्त्व घटण्याचे कारण झाले. संगमेश्वरचा कसबा आज लहानसे गाव आहे. मात्र तेथील कर्णेश्वराचे कोरीव मंदिर पाहिले की जुने वैभव ध्यानात येते. संभाजी महाराज 1689 मध्ये मोगलांच्या हाती लागले ते येथेच.

दर्जा गेला तरी महसुली दप्तरात नाव तसेच राहिले. आपल्या गावच्या इतिहासाचा माग काढायचा असेल, तर आळ्यांची जुनी नावे आणि शेटे, महाजन ही आडनावे तेथे आहेत का, ते आधी पाहावे.