कॉम्प्युटरचं दुखणं: एसएमपीएस गेला, सोबत कोण कोण गेलं?

प्रश्न : सर, आमच्याकडे गेल्या महिन्यात वादळात लाइट गेली आणि परत आली तेव्हा बल्ब एकदम भडक लागले, पंखा सुसाट फिरायला लागला, कळायच्या आत कॉम्प्युटरमधून फट्ट आवाज आणि जळका वास. शेजाऱ्यांचा टीव्ही पण गेला. मी नवीन एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) आणून लावला तर बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड, प्रोसेसर सगळं गेलं, नवीन सेट घ्या. आठव्या जनरेशनचा आय थ्री आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, हार्ड डिस्कवर मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. काय करू? — एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा. बाकी सगळं विकत मिळतं, फोटो मिळत नाहीत. मी एकदा दुसऱ्याच्या बिघडलेल्या मशीनवर 'जरा बघतो' म्हणून माझी चांगली डिस्क लावली होती, ती परत फिरलीच नाही. तेव्हापासून टेस्टिंगला भंगारातली ८० जीबीची जुनी डिस्क वापरतो, गेली तर गेली.

तुमच्याकडे झालं ते असं, की खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटला किंवा सैल झाला. तसं झालं की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास पण येऊ शकतं, म्हणून तर बल्ब भडकले. अशा वेळी एसएमपीएसचा वीज आत घेणारा भाग फुटतो, फ्यूज उडतो, पण त्याच्या आणि तुमच्या बोर्डाच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो त्यामुळे मागचा माल बऱ्याचदा वाचतो. माझा अनुभव तर असा की फट्ट करून मेलेला एसएमपीएस परवडला, जो सहा महिने कुरकुरत मरतो ना, कधी चालू होतो कधी नाही, तो जास्त लोकांना सोबत घेऊन जातो. त्यात स्टँडबायचा छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुकला की काही जुन्या डिझाइनमध्ये ५ व्होल्टची लाइन वर चढत जाते, आणि ही लाइन कॉम्प्युटर बंद असताना पण चालू असते. म्हणजे तुम्ही झोपलेले आणि बोर्ड भाजतोय.

आता तो अर्धा फेरा. दुकानदाराला त्यात मदरबोर्ड गेलेला दिसला, मला त्यात नवीन एसएमपीएस शहाणा दिसतोय. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, त्याने तो ओळखला आणि स्वतःला बंद करून घेतलं. शॉर्ट नेमका कुठे ते शोधायचं, बस. पण कुठलीही पिन काढायच्या आधी भिंतीचं बटण बंद करून वायर उपटायची आणि बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबायचं, यात घाई नको.

डिस्क तर तुम्ही काढलीच, आता तशीच मशीन चालू करून बघा. पंखा फिरत राहिला तर चोर डिस्कमध्येच आहे, आणि ही उलट चांगली बातमी, पुढे सांगतो. नाही फिरला तर डीव्हीडी रायटर, पुढच्या यूएसबीची वायर, कॅबिनेटचे जादा पंखे एकेक करून काढत जा. तरी तेच? मग प्रोसेसरजवळ बोर्डाला जी ४ किंवा ८ पिनची वेगळी वायर जाते, पिवळ्या-काळ्या तारांची, ती काढा. ती काढल्यावर पंखा फिरायला लागला तर प्रोसेसरला वीज देणारा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा भाग, शॉर्ट झालेला असायची दाट शक्यता. खात्री करायची तर बोर्डावरच्या त्या सॉकेटमध्ये पिवळी आणि काळी तार बसते त्या पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा, सगळं बंद असताना. चांगल्या बोर्डावर आकडा हळूहळू वर चढत जातो, कारण कपॅसिटर भरत असतात. आकडा शून्याजवळ चिकटून बसला तर समजा गेलं. आणि एक, मीटरच्या बीपवर विश्वास ठेवून प्रोसेसरच्या बाजूच्या कॉइलवर तपासू नका, तिथे चांगल्या बोर्डावर पण रेझिस्टन्स इतका कमी असतो की बीप वाजतो, आणि माणूस उगाच चांगला बोर्ड भंगारात टाकतो. मॉस्फेट खरंच गेला असेल तर मात्र तो प्रोसेसर दुसऱ्याच्या चांगल्या बोर्डावर लगेच लावू नका, १२ व्होल्ट थेट त्याच्यात गेले असू शकतात.

हे सगळं काढल्यावर पण बंद पडतो? तर नवीन एसएमपीएसच तपासा. २४ पिनचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढा, त्यातली हिरवी तार आणि कुठलीही काळी, ऑफिसातली यू-पिन सरळ करून जोडा, एखादा कॅबिनेटचा पंखा लोड म्हणून लावा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला पाहिजे. जांभळी तार म्हणजे ती स्टँडबाय, तिच्यावर बटण न दाबता पण ५ व्होल्ट असतात. बोर्ड जोडून नुसतं स्टँडबायवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटांनी चिपसेटच्या (बोर्डावरची मुख्य चिप) धातूच्या हीटसिंकला बोट लावा. चटका बसला तर चिपसेट गेला, त्या बोर्डावर आणखी पैसे घालू नका.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर रॅम काढून बोर्डाला बझर, म्हणजे छोटा भोंगा, लावा. रॅमशिवाय तो बोंबलायला लागला म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, मग रॅम खोडरबराने पुसून एकेक स्लॉटमध्ये लावून बघा. बटणाचा सेल, सीआर २०३२, तो पण बदला, इतक्या वर्षांनी तसाही थकलेला असतो.

आता डिस्क. तिच्या हिरव्या बोर्डावर पॉवरच्या पिनांजवळ बऱ्याचदा दोन टीव्हीएस डायोड असतात, एक १२ व्होल्टचा, एक ५ चा. जास्त व्होल्टेज आलं की हे स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या डिस्कला वाचवतात, म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा. मीटर दोन्ही टोकांना लावून दोन्ही बाजूंनी बीप वाजला तर तो गेला. मोबाईल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत काढून देतो, डिस्क परत फिरते, पण आता पहारेकरी नाही म्हणून चांगल्या एसएमपीएसवर लावून लगेच फोटो कॉपी करा आणि तिला निवृत्त करा. कुणी 'दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावतो' म्हणाला तर त्याला विचारा, त्या डिस्कची स्वतःची माहिती ठेवणारी रॉमची ८ पायांची चिप पण हलवणार ना? ती न हलवता आजकालच्या डिस्क सहसा ओळखत नाहीत.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी प्लगमध्ये व्होल्टेज मोजा. लाइनमनने न्यूट्रल नीट केला नसेल तर हा नवीन एसएमपीएस पण फट्ट.

प्रश्न : जळलेला एसएमपीएस उघडून नुसता फ्यूज बदलला तर चालेल का? — वाचक, कराड

उत्तर : नाही. फ्यूज उगाच उडत नाही, त्याच्या मागे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं, नवीन फ्यूज पण उडणार. आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतात, वायर काढल्यावर पण काही वेळ राहतात. ज्याला कपॅसिटर डिस्चार्ज करता येतो त्याने उघडावा, बाकीच्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा.

प्रश्न : मॉड्युलर (वायरी काढता-घालता येतात तो) एसएमपीएस बदलला. डिस्कला वीज देणाऱ्या जुन्या साटाच्या वायरी मागून छान बसवलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या, कनेक्टर बरोबर बसला. आता एसएसडी आणि डिस्क दोन्ही दिसत नाहीत. नवीन एसएमपीएस खराब आहे का? — वाचक, पुणे

उत्तर : एसएमपीएस ठीक असणार, घोळ वायरींचा वाटतोय. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा पण वेगळा. कनेक्टर बसतो, आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात. त्या वायरी आत्ता काढा, बॉक्समधल्या नवीन लावा. अडीच इंची एसएसडी ५ व्होल्टवरच चालते, तिला १२ मिळाले असतील तर तिची आशा कमी. डिस्कचा मात्र वर सांगितलेला डायोड बघा, ५ व्होल्टवाला.