परदेशी आई-बाबांकडे जाणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त नवे काय वाटते?

तुमचा आठ वर्षांचा मुलगा वर्षभर रत्नागिरीला आजी-आजोबांकडे आहे, तुम्ही दोघे जर्मनीत आहात आणि येत्या जूनमध्ये त्याला तिकडे नेणार आहात. नव्या देशात पाऊल ठेवल्यावर अशा मुलाच्या मनात काय चाललेले असते, असे तुम्ही विचारले आहे. मी साधारण त्याच वयाची असताना, १९९५ साली, अलिबागच्या इस्रायल आळीतून आजीबरोबर इस्रायलमधील दिमोना या गावी आई-बाबांकडे गेले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचे बरेच नातेवाईक पन्नास-साठच्या दशकांतच तिकडे गेले होते. आई-बाबा मात्र १९९२ मध्ये दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाल्यानंतर, धाकट्या बहिणीला घेऊन गेले. हिब्रू शिकून झाली, बाबांना कारखान्यात काम मिळाले, राहायला घर झाले आणि मग त्यांनी आजीला व मला बोलावून घेतले. देश नवा असणार हे मला ठाऊक होते, त्याबद्दल सगळ्यांनी भरपूर सांगितलेही होते. मधल्या काळात माझी स्वतःची माणसे बदलली असतील, हे मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि मला सर्वांत जड गेले ते तेच.

आधी देशाविषयी थोडे सांगते. आम्ही जूनमध्ये पोहोचलो. कोकणातल्या मुलाच्या मनात जून म्हणजे पाऊस आणि शाळा, हे समीकरण पक्के असते. दिमोना हे नेगेव्हच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेले गाव आहे. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि तोही बेताचाच. शाळा सुरू होतात १ सप्टेंबरला. त्यामुळे मी रोज सकाळी उठून आकाशाकडे पाहत असे आणि ते रोज तसेच कोरडे, निळे असे. दोन महिने सुट्टी, ओळखीचे एकही मूल नाही आणि अंगणात चिखल नाही. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर पांढऱ्या टाक्या आणि त्यांच्यापुढे तिरक्या ठेवलेल्या काळ्या काचा दिसत. उन्हावर आंघोळीचे पाणी तापवण्याची ती सोय होती, आणि हे मला समजावून सांगितले माझ्या पाच वर्षांच्या बहिणीने.

तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. अलिबागला असताना मी थोरली होते. तिचा हात धरून मी तिला समुद्रावर नेत असे. दिमोनात ती माझा हात धरून दुकानात नेऊ लागली, दुकानदाराशी हिब्रूत बोलू लागली आणि सुट्टे पैसे मोजून घेऊ लागली. आईला ती 'ईमा' म्हणून हाक मारत असे आणि आई लगेच ओ देत असे. माझ्या आईला कोणीतरी निराळ्याच नावाने बोलावते आहे आणि तिला त्यात काही वेगळे वाटतही नाही, हे पाहून पहिल्याच संध्याकाळी माझ्या घशाशी आवंढा आला होता. सकाळच्या ताटात बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो आणि पांढरे चीज असे, आणि बाबा, जे अलिबागेत तांदळाच्या भाकरीशिवाय उठत नसत, ते मजेत तेच खात. कोणी माझ्याशी वाईट वागत नव्हते. उलट माझे फार लाड होत होते. पण लाड पाहुण्यांचेही होतात, आणि मुलाला तो फरक बरोबर कळतो.

शाळेतला धक्का त्या मानाने लवकर ओसरला. अलिबागेत बाई वर्गात आल्या की आम्ही उभे राहत असू. इथे मुले शिक्षिकेला सरळ तिच्या नावाने हाक मारत. रविवारी शाळा असे आणि शनिवारी सगळे बंद. अक्षरे उजवीकडून डावीकडे जात, पण मुलांच्या पुस्तकांत स्वरचिन्हे दिलेली असतात, त्यामुळे वाचायला मी अपेक्षेपेक्षा लवकर शिकले. बोलायला बराच वेळ लागला. कित्येक आठवडे मी वर्गात गप्प बसून होते. माझ्या शिक्षिकेने घरी कसली तक्रार केली नाही की सर्वांसमोर बोलायला भाग पाडले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तुमचा मुलगा असाच गप्प राहिला, तर कृपा करून घाबरू नका. तो त्या काळात ऐकत असतो.

आनंदाचा पहिला दिवस मात्र अगदी अनपेक्षितपणे आला. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, अलिबागेत आमची मोजकी घरे दारे लावून, उपास करून पाळत आणि बाहेर बाजार नेहमीसारखा चालू असे. दिमोनात त्या दिवशी आख्खा गावच थांबला. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, आणि मोठी माणसे प्रार्थनेत असताना मुले भर रस्त्यातून सायकली चालवत होती. बहिणीने तिची सायकल मला दिली. ती माझ्यासाठी लहान होती, पण मी ती मुख्य रस्त्याच्या मधोमध, उतारावरून चालवली. आपण इथे राहू शकतो, असे मला पहिल्यांदा वाटले ते तेव्हा.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे एवढेच आहे की, जर्मनीत जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, रविवारी दुकाने बंद असतात, हे त्याला जरूर सांगा, पण त्याहून जास्त तुमच्या दिनक्रमाविषयी सांगा. बाबा आता किती वाजता उठतात, आई कामावरून कधी येते, जेवायला काय असते, तुम्ही आपसांत कोणते जर्मन शब्द वापरू लागला आहात, हे त्याला फोनवर आधीच कळू द्या. घरात एखादे काम त्याच्या नावाचे ठेवा, म्हणजे तो पाहुणा राहणार नाही. पुढे तो तुमच्यापेक्षा चांगले जर्मन बोलू लागेल, तेव्हा कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत त्याला दुभाष्या म्हणून नेऊ नका. आजीबरोबर दवाखान्यात जाऊन तिचे दुखणे डॉक्टरांना हिब्रूत सांगण्याचे काम मी लहान वयात केले आहे. तिच्या आजाराविषयी जे मला कळायला नको होते, ते सर्वांत आधी मलाच कळत असे.

आणि आजी-आजोबांशी त्याचे बोलणे तुमच्यासमोरच व्हावे, असा आग्रह धरू नका. त्याला एकट्याला फोन द्या. घराविषयीच्या ज्या तक्रारी तो तुमच्याकडे करणार नाही, त्या त्याला रत्नागिरीला सांगता आल्या पाहिजेत.