"मॅडम, पोरीले भागाकार येतच नाही"

पाचवीतली पोरगी. गणिताचा तास आला की पोटात दुखायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणून दारव्ह्याकडच्या एका गावातून वडील तिला माझ्याकडे घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

मला आधी वाटलं, शिक्षकांचा धाक असेल. तसं काही नव्हतं. वडीलच बोलले, "शाळेत काही उलटंच शिकवून रायले मॅडम. एका भागाकाराले पानभर वजाबाक्या! मी रोज रात्री आपल्या रीतीनं शिकवतो, तरी हिच्या डोक्यात शिरत नाही." शाळेची रीत वेगळी, घरची वेगळी, पोरानं करावं काय, हा प्रश्न मला हल्ली बरेच पालक विचारतात.

वही उघडली. 824 भागिले 8, उत्तर 13. आठ एके आठ, दोनाला भाग जात नाही म्हणून चार खाली घेतले, आठ त्रिक चोवीस. मधलं शून्य गायब. खोडरबरानं तिथला कागद पार झिजला होता.

"आठशे चोवीस गोळ्या आठ पोरांत वाटल्या, तर एकेकाला तेराच येतील?"

"नाही! शंभर तर येतीलच."

"मग बाजूला शंभर लिही." आठशे गेले, चोवीस उरले. तिनं शंभराखाली 3 लिहिले, बेरीज केली: 103. शाळेत नेमकं हेच शिकवत होते.

मी वडिलांकडे वळले. निंदनाचे 3,120 रुपये, बाया बारा, कसे वाटाल? त्यांनी कागदही मागितला नाही. "दोन-दोनशे देल्ले, चोवीसशे गेले. सातशे वीस उरले, साठ-साठ. दोनशे साठ झाले." पोरगी बघतच राहिली. "बाबा, तुम्ही तं सरांसारखंच करता!"

ते हसले, पण हटले नाहीत. "पाढे तं पाठ पाहिजेतच ना?" पाहिजेत, आणि इथं मी त्यांच्याच बाजूची. पण चोविसाचा पाढा येईपर्यंत अडून का बसायचं? भाजकाची 1, 2, 5 आणि 10 पट आधी बाजूला मांडायची: 24, 48, 120, 240. पाचपट म्हणजे दहापटीची निम्मी. मग 956 संत्री 24-24 च्या पेट्यांत भरायची. तिनं तीनदा 240 वजा केले, उरले 236. मग 120, मग दोनदा 48. दहा, दहा, दहा, पाच, दोन, दोन: पेट्या 39, बाकी 20. लांबलचक झालं, पण अडलं कुठंच नाही. ज्या पोराची वजाबाकीच कच्ची असते, त्याला मात्र ही रीत जास्त दमवते. तिथं मी आधी वजाबाकीच हातात घेते.

वडिलांकडून एकच कबूल करून घेतलं: दिवाळीपर्यंत रात्रीची शिकवणी बंद. घरची रीत नंतर शिकवा, ती आखूड आहे, तिला आवडेलही.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. पोटदुखी अधूनमधून होतीच, पण गणिताच्या तासाला घरी पळणं थांबलं होतं. वडिलांची आता नवी तक्रार होती: "वह्या लई लागून रायल्या मॅडम." पोरीनं गुपचूप पान पुढे केलं. 1,000 भागिले 8. आधी 100, मग थेट 25. दोनच ओळी.