अमेरिकेतील मांसप्रक्रिया उद्योगातील मजुरी परदेशी मालामुळे घसरली का, आणि कोकणातील मासळी कारखान्यांत तेच घडत आहे का?

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी अकरा वर्षे हजेरी आणि मजुरीचे हिशेब पाहिले, त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक जवळचा आहे.

पहिल्या भागातील गृहीतक मला पटत नाही. तिथे मजुरी मोडली ती मुख्यतः काम देशातल्या देशात हलल्यामुळे. शिकागोसारख्या शहरांत कसबी खाटीक होते, १९४३ साली उभी राहिलेली त्यांची संघटना होती आणि मोठ्या कंपन्यांशी होणाऱ्या करारांमुळे मजुरी ठिकठिकाणी जवळपास सारखी असे. १९६०च्या दशकात आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने कारखाने गुरे पोसणाऱ्या ग्रामीण भागात नेले आणि एका माणसाचे कसब साखळीवरील अनेक हातांत वाटून टाकले. दिवसभर एकच घाव घालणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस लवकर तयार होतो. १९६७पासून अख्ख्या धडाऐवजी कापलेले मांस खोक्यांत जाऊ लागले आणि दुकानांतील खाटिकांचेही काम आटले. शिकागोचा गुरांचा बाजार १९७१मध्ये बंद पडला. जुन्या कंपन्या मग याच मार्गाने गेल्या: हॉर्मेलने १९८४मध्ये ताशी १०.६९ डॉलरची मजुरी ८.२५वर आणली, पुढच्या वर्षी मिनेसोटातील ऑस्टिन गावात तिच्या कारखान्यात संप झाला आणि मध्यवर्ती संघटनेनेच स्थानिक शाखेची साथ सोडली.

आमच्या कारखान्यात मोडायला संघटनाच नव्हती. १९९७मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळी रोखल्यानंतर बाहेरच्या शेडमधील कोळंबी सोलण्याचे काम कारखान्यांच्या आत येऊ लागले. टेबले स्टीलची झाली, पायांत गमबूट आले. ठेकेदार मात्र राहिला. बर्फाच्या पाण्याने बोटे पांढरी पडलेल्या बायका सोललेली कोळंबी चाळणीत निथळवून वजनाला आणत, आणि किलोचा आकडा ठेकेदाराच्या वहीत जाई.

त्यातच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. वर्षात २४० दिवस भरले, तर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे. साप्ताहिक सुट्ट्या आणि माल न आलेले दिवस वजा केले की तो आकडा आमच्याकडे सहसा गाठला जात नसे. एकदा एका बाईने विचारले, “भाऊ, माझे दिवस किती भरले ते सांगाल काय?” मी हजेरीचा तक्ता काढला. त्यात दिवसापुढे ‘महिला ४२’ एवढेच लिहिलेले होते.