शर्यत निवडताना आधी पाऊस बघा

प्रश्न : वय 46, साताऱ्यात शिक्षक आहे. माउंटन बाइक चालवतो, साधी हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढच्या चाकाला). हिमाचलमधल्या बहुदिवसीय शर्यतीत गेल्या ऑक्टोबरात तिसऱ्या दिवशी कट-ऑफ (टप्पा गाठायची ठरलेली वेळ) चुकला आणि बाहेर पडलो. यंदा परत जायचं मनात होतं, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय आणि तयारी मनासारखी होत नाही. ग्रुपमधले म्हणतात, त्यापेक्षा बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायची राइड, कर. मला मात्र चाळकेवाडीच्या कच्च्या वाटा उतरतानाच खरी मजा येते. बेत बदलला तर माघार घेतल्यासारखं होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर, तयारी मनासारखी होत नाही यात तुमचा दोष नाही, दिवसच तसे आहेत. ऑक्टोबरच्या शर्यतीसाठी घाम गाळायचा तो जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हा यवतेश्वरच्या घाटात धुक्यामुळे पुढचं वळण दिसत नाही. कच्च्या वाटांवर लाल चिखल चेनमध्ये, गिअर बदलणाऱ्या डिरेलरमध्ये जाऊन बसतो. त्या कणीदार पाण्यात रेझिनचे ब्रेक पॅड बघता बघता झिजतात. पावसात चालवायचीच असेल तर मेटलचे बसवा. अशा चार महिन्यांवर वर्षाचं सगळ्यात मोठं ध्येय टांगून ठेवणं साताऱ्याच्या माणसाला परवडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतली शर्यत धरलीत, तर दिवाळीनंतरची कोरडी, थंड सकाळ तुमच्या हातात असते.

दुसरी गोष्ट उंचीची. हिमाचलमधली जलोरी खिंड 3,120 मीटरवर आहे. आपलं कास साधारण 1,200, आणि कळसूबाईसुद्धा 1,646. तिथली विरळ हवा इथे कितीही घाट चढून अंगवळणी पडणार नाही. त्यासाठी शर्यतीआधी काही दिवस तिकडे जाऊन राहावं लागतं. भर सत्रात शाळेतून एवढी रजा काढणं किती अवघड, ते तुम्हीच जाणता.

आता बीआरएम. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास. तिथे नंबर नसतो, वेळेत पोचणं महत्त्वाचं. मला हा प्रकार मनापासून आवडतो. तासन्‌तास खोगिरावर बसणं, भूक लागायच्या आधी खाणं, हे तिथे छान शिकता येतं. पण ती डांबरी रस्त्याची गोष्ट आहे. तुमचा जीव खडी-मातीत रमतो. सरावासाठी एखादी 200 ची जरूर करा, वर्षभराचं ध्येय म्हणून नको. त्यापेक्षा हिवाळ्यातली, एका दिवसाची, कच्च्या वाटांवरची शर्यत शोधा. तुमचं उतारावरचं कसब तिथे कामाला येईल. बहुदिवसीय शर्यतीत ते असूनही तिसऱ्या दिवशी पाय साथ देत नाहीत, कारण तिथे कस लागतो तो रात्रीत शरीर किती भरून येतं याचा.

हिमालयाची ओढ तरीही राहील, राहू द्या. पुन्हा नाव घालण्याआधी एक परीक्षा घ्या. शनिवारी ठोसेघरमार्गे चाळकेवाडी करा. रविवारी कासवरून बामणोलीला उतरा आणि त्याच घाटाने परत वर या. रविवारचा तो चढ बोलता येईल इतका श्वास राखून, न थांबता पार झाला आणि सोमवारी वर्गात उभं राहून शिकवता आलं, तर पुढच्या वर्षाचा विचार करा. असे शनिवार-रविवार लागोपाठच्या आठवड्यांत जमले पाहिजेत. एकदा जमलं म्हणून फॉर्म भरू नका. आणि सायकल रुळलेल्या वाटेवरच ठेवा. सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची माती बोटभर जाडीची असते, चाक फिरलं की तिथलं रोप गेलं.

माघारीबद्दल विचारलंत. तुमच्यासारखे नोकरी, घर सांभाळून चालवणारे बरेच जण ध्येयाला चिकटून राहतात आणि मग सायकलच कोपऱ्यात जाते. ते माझ्या मनाला फार लागतं. तुम्ही चाळकेवाडीला जात राहिलात, तर काहीही सोडलेलं नाही.

आईंच्या ऑपरेशनची तारीख आधी पक्की करा. गुडघ्यानंतर पहिले काही आठवडे घरात माणूस लागतो, रोजचे व्यायाम करून घ्यावे लागतात. तोवर लवकर नोंदणीची सवलत कितीही मोठी दिसली, तरी पैसे भरू नका.