सूचनेची 28 दिवसांची मुदत चुकली, तर कंत्राटदाराचा दावा बुडतो का?

आपला प्रश्न असा आहे की, पुलाच्या पायाचा सुधारित नकाशा खात्याकडून उशिरा मिळाल्याने काम रखडले, करारात अशा घटनेची लेखी सूचना 28 दिवसांत देण्याची अट होती, आपले पत्र तीन महिन्यांनी गेले, आणि आता ‘मुदत टळल्याने दावा विचारात घेता येत नाही’ असे खात्याने कळवले आहे. माझ्या मते दावा अजून गेलेला नाही.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 28 मध्ये 1997 साली दुरुस्ती झाली. ठरावीक मुदत उलटताच एका पक्षाचा हक्क संपवणारी किंवा दुसऱ्याला दायित्वातून मोकळी करणारी तरतूद तेवढ्यापुरती शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरते. अंतिम बिलानंतर ठरावीक दिवसांत लवाद मागितला नाही, तर दावा सोडून दिला असे समजावे, ही सरकारी कंत्राटांतली जुनी अट दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारे अमान्य केलेली आहे. आपल्या बाबतीत मात्र खाते निराळे म्हणेल: सूचना ही पूर्वअट होती, ती पाळली नाही म्हणून हक्क निर्माणच झाला नाही, मग तो संपवल्याचा प्रश्न कुठे येतो? हा युक्तिवाद हलका नाही. म्हणून करारातले सूचनेचे कलम शब्दश: वाचा. ‘कळवावे’ एवढेच लिहून न कळवल्याचा परिणाम सांगितला नसेल, तर केवळ उशिरामुळे दावा फेटाळणे अवघड जाते.

यापुढचे सारे कागदांवर आहे. अडथळ्यांच्या नोंदवहीत ‘नकाशा अप्राप्त, खोदाई बंद’ अशी नोंद आणि तिच्याखाली शाखा अभियंत्याची तारखेसह सही असेल, किंवा आढावा बैठकीच्या इतिवृत्तात तो विषय आला असेल, तर खात्याला घटना वेळेत लेखी कळली होती असे म्हणता येते, आणि तीच सूचना मानावी असा आग्रह धरता येतो. आपल्या उशिरा गेलेल्या पत्रावर हरकत न घेता खात्याने आधी दाव्याच्या गुणदोषांवर चर्चा केली असेल, तर त्याने मुदतीची अट सोडून दिली असेही मांडता येते. मुदतवाढ स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे पत्र दिले होते का, हेही तपासा. करार अधिनियमाच्या कलम 55 नुसार, उशिरा होणारी पूर्तता स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचे कळवले नसेल, तर ती नंतर मागता येत नाही; म्हणून ते पत्र महत्त्वाचे ठरते.

करारात लवादाचे कलम असेल आणि ठरावीक मुदतीत लवादाची कार्यवाही सुरू न केल्यास दावा बाद होईल अशी अट असेल, तर लवाद अधिनियम, 1996 च्या कलम 43(3) खाली, अवाजवी हानी होत असल्यास न्यायालय ती मुदत वाढवू शकते. ही सवलत लवाद सुरू करण्याच्या मुदतीसाठी आहे, साइटवरच्या सूचनेसाठी नव्हे. अनेक वकीलही यात गल्लत करतात.

दावा करण्यासाठी मुदत अधिनियमाने दिलेली सर्वसाधारण तीन वर्षे मात्र अशा युक्तिवादांनी लांबत नाहीत, आणि खात्याशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्यानेही नाही. लवादाची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असे धरले जाते, तेव्हा ती पोच मिळेल अशा रीतीने आताच पाठवावी. लवादाचे कलम नसेल, तर सरकारविरुद्धच्या दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तो नोटीसकाळ मुदतीतून वगळला जातो.