लिथियम-आयन बॅटरीतला सिलिकॉन ॲनोड (ऋण ध्रुव) फुगून फुटतो, तर त्यावर जाड आणि कडक कोटिंग का देत नाहीत?

कोटिंग देतात, पण फुगणं अडवायला नाही. लिथियम घेताना सिलिकॉनचं आकारमान जवळजवळ चौपट होतं. नेहमीच्या ॲनोडमधल्या ग्रॅफाइटचं जेमतेम १० टक्के वाढतं. काही नॅनोमीटरचा थर हा जोर रोखू शकत नाही. भक्कम कवचाने रोखलाच, तर दाबाखाली सिलिकॉन लिथियमच कमी घेतं. मग ग्रॅफाइटच्या ३७२ ऐवजी सुमारे ३,६०० मिलीॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम क्षमता मिळेल, ही आशाच सोडायची!

खरं दुखणं पृष्ठभागावर आहे. चार्जिंगच्या वेळी ॲनोडवर इलेक्ट्रोलाइटचं (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचं) विघटन होऊन पापुद्रा धरतो, तो एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज). ग्रॅफाइटवर तो सुरुवातीच्या चक्रांत बसतो आणि टिकतो. सिलिकॉनवर मात्र कण फुगला की हा पापुद्रा तडकतो, उघड्या पृष्ठभागावर नवा धरतो, आणि दर वेळी थोडं लिथियम कायमचं अडकतं. पूर्ण सेलमध्ये लिथियम कॅथोडमधून (धन ध्रुवातून) येईल तेवढंच. दर चक्राला उरलेल्यातलं ०.१ टक्का गेलं, तरी ५०० चक्रांनंतर ६० टक्केच राहतं. ०.५ टक्का गेलं तर ८ टक्के! सिलिकॉनसारख्या, लिथियमशी मिश्रधातू बनवणाऱ्या ॲनोडचा खरा शत्रू हा हिशेब आहे.

म्हणून कोटिंगने इलेक्ट्रोलाइटला बाहेर ठेवावं आणि लिथियम आयनांना वाट द्यावी. कार्बन सर्वांत रुळलेला, कारण तो वीजही वाहतो. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) वीजरोधक, म्हणून काही नॅनोमीटरपुरताच ठीक.

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या यी त्सुई यांच्या गटाने कार्बनच्या कवचात मुद्दाम पोकळी ठेवली. कण आतल्या आत फुगतो, कवच जागचं हलत नाही, त्यावरचा एसईआयही शाबूत राहतो. मला ही कल्पना आजही अतिशय देखणी वाटते. पण पोकळीने जागा खाल्ली जाते आणि इलेक्ट्रोड रोलरखाली दाबताना अशी कवचं चिरडण्याची भीती असते. त्यामुळे बाजारातल्या अनेक सेलमध्ये कार्बन चढवलेला सिलिकॉन ऑक्साइड थोड्या प्रमाणात ग्रॅफाइटमध्ये मिसळलेला असतो.

कोटिंगवरचे शोधनिबंध वाचत असाल, तर चाचणी लिथियम धातूसमोरच्या अर्ध्या सेलमध्ये झाली की पूर्ण सेलमध्ये, हे आधी बघा. अर्ध्या सेलमध्ये वाया गेलेलं लिथियम तो धातू गुपचूप भरून काढतो, आणि कच्चं कोटिंगही खपून जातं.